‘सर्व्हिसिंग करूनही हवा टिकत नाही’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. दोन तारे देऊन तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत: आम्ही ८० पीएसआय हवा भरून दिलेला सायकलचा फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) दुसऱ्या दिवशी सकाळी ७१ दाखवतो, १५० मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबू शकणारा) असून नुसता उभा असतानाच १५ मिमी खाली बसलेला दिसतो, आणि शेवटचे २५ मिमी कधी वापरातच येत नाहीत. शिवाय सील (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) उगाच बदलले आणि ‘पुन्हा घेऊन या’ म्हणून टोलवलं, असंही म्हटलं आहे. तिन्ही लक्षणं एअर स्प्रिंगचीच (स्प्रिंगसारखं काम करणाऱ्या फोर्कमधल्या हवेची), पण कारणं वेगवेगळी. पहिली तर बहुधा गळती नाहीच.

शॉक पंप (सस्पेन्शनमध्ये हवा भरायचा गेजचा पंप) जोडला की फोर्कमधली थोडी हवा पंपाच्या नळीत शिरते. चेंबर लहान, त्यामुळे तेवढ्यानेही आकडा ५ ते १० पीएसआय उतरतो. (काढतानाचा ‘फुस्स’ आवाज नळीतल्या हवेचा.) खात्री करायची असेल तर ८० भरा, पंप काढा आणि सायकल न हलवता लगेच पुन्हा जोडा. तेव्हाही ७१-७२ दिसलं, तर रात्रभरात काहीच गेलेलं नाही. थंडीही आकडा खाली आणते: ३० अंशांत भरलेले ८० पीएसआय ५ अंशांत साधारण ७२ होतात, फोर्क ठणठणीत असतानाही.

म्हणून गळती सॅगवरून, म्हणजे तुमच्या वजनाने फोर्क किती दबतो त्यावरून, ओळखा. नेहमीचा सगळा सरंजाम अंगावर घेऊन पेडलवर उभे राहा आणि फोर्कच्या नळीवरची ओ-रिंग (रबरी कडी) किती सरकली ते मोजा. १५० मिमीला २० टक्के सॅग म्हणजे ३० मिमी. दोन दिवसांनी, तेवढ्याच उष्णतेत, पंप मध्ये एकदाही न जोडता ३० चे ३८ झाले, तर हवा खरोखर जाते आहे. मग व्हॉल्व्हवर आणि टॉप कॅपभोवती (वरच्या झाकणाभोवती) साबणाचं पाणी लावा. व्हॉल्व्हच्या तोंडाशी बुडबुडे आले तर आधी व्हॉल्व्हची कोअर (आतला फिरवून बसवायचा भाग) घट्ट करा. बुडबुडे कुठेच नसतील तर हवा आतल्या आत जागा बदलते आहे.

१५ मिमी खाली बसण्याचा प्रश्न खरा तिथला. पिस्टनच्या वर पॉझिटिव्ह चेंबर, खाली निगेटिव्ह. स्टँचियनच्या (फोर्कच्या वरच्या नळीच्या) आतल्या भिंतीवर एक छोटी खाच असते. पिस्टनचं सील तिच्यावरून जातं तेव्हाच दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. घरी ९५ पर्यंत भरून, फोर्क दाबून पाहून, मग व्हॉल्व्ह टोचून झटकन ८० वर आणलं, तर वरचा दाब उतरतो, खालचा ९५ च्या आसपासच अडकतो आणि फोर्क खाली ओढला जातो. सील खाचेच्या वर जाऊन बसतं, त्यामुळे तो आपोआप सुटत नाही.

उपाय असा: दाब पुन्हा ९५-१०० पर्यंत न्या, पण फोर्कवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. फोर्क पूर्ण वर आला की पहिल्या ४० मिमीत दहाएक वेळा सावकाश दाबा-सोडा. मग १० पीएसआय सोडा, पुन्हा तसंच दाबा-सोडा, असं करत ८० वर या. तरीही ३ ते ५ मिमी खाली राहिला तर काळजी नको; काही फोर्कची रचनाच तशी असते. मात्र व्हॉल्व्हला हात न लावताही दोन दिवसांत पुन्हा १५ मिमी बसला, तर पिस्टनच्या सीलमधून किंवा त्या भिंतीवरच्या ओरखड्यातून हवा खाली उतरते आहे. ओरखडा असेल तर नवं सीलही टिकत नाही.

शेवटच्या २५ मिमीसाठी सगळी हवा सोडा आणि हँडलवर भार देऊन फोर्क तळापर्यंत दाबा. ओ-रिंग १५० च्या आसपास पोचली तर दाब जास्त आहे किंवा व्हॉल्यूम टोकन (हवेची जागा कमी करणारे तुकडे) जास्त आहेत. एक टोकन काढून पाहा. हवा नसतानाही १२५ ला उसळी मारून अडकला, तर लोअर्समध्ये (फोर्कच्या खालच्या नळ्यांत) हवा किंवा जादा तेल साठलंय. हवा सील हेडमधून (निगेटिव्ह चेंबरच्या तळाच्या झाकणातून) खाली उतरत असेल तर हे आणखी वाढत जातं. मोठा उतार मारल्याशिवाय पूर्ण ट्रॅव्हल लागत नाही, हेही खरं, त्यामुळे रोजच्या फेरीवरून ठरवू नका.

सीलबद्दल: बदललेले दोन सील पिस्टनचं आणि सील हेडचं. लोअर्सची सर्व्हिस साधारण ५० तासांना, एअर स्प्रिंगची कंपनीप्रमाणे १०० ते २०० तासांना. स्प्रिंग उघडल्यावर कडा सपाट झालेले सील परत बसवणं आम्हाला पटत नाही. काढलेले सील ठेवले आहेत, येऊन पाहा.

‘पुन्हा घेऊन या’ म्हटलं ते यासाठी की खाली बसलेल्या फोर्कचा निगेटिव्ह चेंबर भरलेला असतो. वरचा व्हॉल्व्ह रिकामा केला तरी तो रिकामा होत नाही आणि खालची सर्कलिप (सील हेड धरून ठेवणारी धातूची कडी) काढताच सील हेड गोळीसारखं सुटू शकतं. घरी उघडू नका. वरचा उपाय करूनही बसला, तर हवा न काढता तसाच आणा, आणि तुमचा पंपही आणा. त्याचा गेज आमच्याशी ताडून पाहू.