एक तारा देणाऱ्या दादांना: हेडलाईटसाठी आणलेले तुमचे एलईडी आम्ही का बसवले नाहीत

नमस्कार दादा,

आमच्या दुकानाला ऑनलाइन एक तारा देताना तुम्ही लिहिलंय, "एलईडी बसवायला गेलो, बसवून दिले नाहीत. तीन तास गाडी अडकवून ठेवली, काच घासली, वायरिंग केलं आणि शेवटी तोच पिवळा बल्ब टाकून २,६०० रुपयांचं बिल हातात दिलं. दुसरीकडे हे काम दहा मिनिटांत, निम्म्या पैशात होतं." यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरी उत्तर लिहितोय, कारण ऑनलाइन मागवलेलं बल्बचं खोकं घेऊन दुकानात बरेच जण येतात आणि गर्दीच्या वेळी प्रत्येकाला सगळं समजावून सांगणं होत नाही. (पोरगा म्हणाला, दोन ओळींत उत्तर द्या. नाही जमलं.)

बिलाचं आधी उरकतो. बल्बची जोडी ५००, दोन्ही काचांचं पॉलिश आणि कोटिंग १,२००, रिले (बल्बला बॅटरीवरून सरळ करंट देणारा स्विच) लावून वायरिंग मजुरीसकट ९००. आकडा आधी सांगितला होता आणि तुम्ही हो म्हटल्यावरच पॉलिश पेपर हातात घेतला.

आता मुद्द्याचं. तुमची तक्रार होती की रात्री रत्नागिरीला जाताना आंबा घाटात पुढचं काही दिसत नाही. बल्बला हात लावायच्या आधी आम्ही मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट होते आणि डाव्या होल्डरवर ११.९. मधले दोन व्होल्ट जुन्या स्विचमध्ये, सैल कपलरमध्ये (वायरींच्या जोडात) आणि गंजलेल्या अर्थिंगमध्ये जिरत होते. होल्डरचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन ठिसूळ झालं होतं, ते तुमच्या हातात दिलं होतं. हॅलोजनचा, म्हणजे या पिवळ्या बल्बचा, स्वभाव असा, की व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड साधारण तीस टक्के पडतो. तुमच्याकडे तर त्याहून जास्त पडलं होतं. रिले टाकून बॅटरीवरून सरळ सप्लाय दिल्यावर त्याच होल्डरवर १३.५ आले. बल्ब पिवळाच, पण आधीचा नव्हे.

काचेचं म्हणाल तर ती काच नाहीच, पॉलिकार्बोनेट आहे. उन्हाने वरचा थर पिवळा पडतो आणि आतला उजेड तिथेच विखुरतो. ८०० नंबरचा पेपर, मग १५००, मग २०००, सगळं पाणी मारत, नंतर कंपाउंड आणि शेवटी यूव्ही कोटिंग. वेळ यातच गेला. नुसती टूथपेस्ट चोळून चकचकीत करणारे आहेत, पण कोटिंग नसेल तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं.

आणि एक गोष्ट जिचे पैसे लावले नाहीत: स्टिअरिंगजवळचं ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक. ते तुमच्या गाडीत ३ वर होतं. मागे माणसं आणि डिकीत सामान भरल्यावर गाडीचं नाक वर होतं, तेव्हा फोकस खाली आणायला ते चाक असतं. एकटे चालवताना ३ वर ठेवलं तर उजेड बोनेटच्या पुढ्यातच पडणार. पुसताना फिरलं असेल, बऱ्याच गाड्यांत फिरलेलं सापडतं.

तर एलईडी का नाही? तुमच्या गाडीला एच४ बल्ब लागतो, ६०/५५ वॉटचा. त्यात दोन फिलामेंट असतात, एक अप्परचं (लांबच्या उजेडाचं), एक डिपरचं (जवळच्या उजेडाचं). डिपरच्या फिलामेंटखाली इवलीशी पत्र्याची वाटी असते. जुना बल्ब उजेडात धरून बघा, दिसेल. त्या वाटीमुळे डिपरचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. आपण डावीकडून चालतो म्हणून डाव्या कडेला तो थोडा वर चढतो, म्हणजे कडेचा सायकलवाला, मैलाचा दगड, उसाची ट्रॉली दिसते. हे सगळं फिलामेंट नेमकं कुठे आहे यावर ठरतं, मिलिमीटरच्या हिशोबात.

तुम्ही आणलेल्या एलईडीत एका पट्टीच्या दोन बाजूंना चिप आहेत. जागा वेगळी, आकार वेगळा, वाटीची नुसती नक्कल. रिफ्लेक्टर तोच ठेवून हा बल्ब घातला की उजेड भसाभसा निघतो, पण वरही उडतो. समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि धुक्यात तुमच्याच डोळ्यात परत येतो. आंबा घाटात पावसाळ्यात काय धुकं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय जवळचा रस्ता पांढराफटक दिसला की आपल्याला वाटतं लाईट जबरदस्त आहे, आणि लांबची बिनदिव्याची ट्रॉली मात्र उशिरा दिसते. हंगामात कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर त्या किती असतात!

त्याच्या मागे पंखाही असतो. तो मावावा म्हणून हेडलाईटचं रबरी टोपण कापतात किंवा काढूनच टाकतात. पहिल्याच पावसात आत वाफ धरते आणि मग रिफ्लेक्टर काळा पडतो. दहा मिनिटांच्या कामात हेही येतं.

"मग १००/९० तरी टाका," असंही तुम्ही म्हणालात. दोन्ही बाजू मिळून सोळा अँपिअरच्या वर करंट, कंपनीच्या वायरिंगवर आणि त्या ठिसूळ होल्डरवर? वायर तापते, होल्डर वितळतो. नाही म्हटलं, पुढेही नाहीच म्हणणार. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरफार करण्यावर बंधनं आहेत ती वेगळीच, पण खरं सांगायचं तर मला कलमापेक्षा होल्डरची भीती जास्त.

एलईडीला माझा विरोध नाही. कंपनीतूनच एलईडी हेडलाईट आलेल्या गाड्यांत रिफ्लेक्टर किंवा प्रोजेक्टर त्या चिपसाठीच बनवलेला असतो आणि उजेड छान पडतो. तुम्हाला पांढराच हवा असेल तर तुमच्या मॉडेलसाठी बनवलेलं अख्खं युनिट घ्या, महाग पडेल. ऑनलाइन घेणार असाल तर ते उजवीकडून वाहतूक असणाऱ्या देशांसाठीचं नाही ना, हे बघून घ्या. भिंतीवर डिपर मारला की उजेडाच्या वरच्या रेघेचा चढ डावीकडे दिसला पाहिजे. उजवीकडे दिसला तर ते आपल्या कामाचं नाही, कितीही स्वस्त असलं तरी.

तुमच्या बल्बच्या खोक्याचं सील आम्ही फोडलेलं नाही, परत करायची मुदत असेल तर पैसे मिळतील. नवीन हॅलोजन कधी स्वतः बदललात तर काचेला बोट लावू नका. तेलकट डाग राहिला की तिथेच जास्त तापून बल्ब लवकर उडतो.

तुम्ही दुपारी गाडी नेलीत, त्यामुळे फोकस अंधारात बघायचा राहिलाय. संध्याकाळी सातनंतर कधीही या, टायरची हवा बरोबर करून. भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करू आणि हेडलाईटच्या मध्यापेक्षा डिपरच्या उजेडाची वरची रेघ साधारण दहा सेंटिमीटर खाली येते का ते तुमच्यासमोरच बघू. पैसे लागणार नाहीत. सोमवारी दुकान बंद असतं.