तात्यांना कसं सांगायचं?

फॉरवर्ड खोटा आहे हे ओळखायला पाच मिनिटं पुरतात. ते तात्यांना सांगायला मात्र मुहूर्त बघावा लागतो. घरच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तात्या असतातच. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे ती मावशी असते. पहाटे साडेपाचला गुलाबाचं फूल, आणि फुलामागून विज्ञान.

ओळखायचं कसं ते आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. मेसेजच्या डोक्यावर दुहेरी बाण दिसला, की समजायचं हा किमान पाच हातांतून फिरून आलाय. २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. पण तात्या चिकाटीचे. ते सगळ्या ग्रुपांना एकेक करून पाठवतात, त्याला कंपनी तरी काय करणार!

मग तारीख शोधायची. ती नसते. 'कालच', 'आत्ताच', 'आज रात्री' असं असतं, म्हणून हा माल कधी शिळा होत नाही. 'मंगळ आज चंद्राएवढा दिसणार' हे दर ऑगस्टला येतं. मूळ गोष्ट खरी होती. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ पृथ्वीपासून साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास आला होता आणि ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल, असं मूळ मजकुरात होतं. पुढे पाठवता पाठवता आधी दुर्बीण गळाली, मग वर्ष गळालं. मंगळ तेवढा उरला, आणि गच्चीवर मान वर करून उभे असलेले आपण.

काही फॉरवर्डना तर इंटरनेटही लागत नाही. 'या महिन्यात ५ शुक्रवार, ५ शनिवार, ५ रविवार, असा योग ८२३ वर्षांनी!' भिंतीवरचं कॅलेंडर बघा. ३१ दिवसांचा महिना शुक्रवारी सुरू झाला, की २९, ३०, ३१ या तारखांना शुक्र-शनि-रवि येणारच. जुलै २०२२, डिसेंबर २०२३, मार्च २०२४, ऑगस्ट २०२५. ८२३ वर्षांचा योग जवळपास दरवर्षी येतोय, आणि तात्या दरवर्षी तितकेच थक्क होतायत.

फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाकायचा. इथे एक गोम आहे. वर 'शुभ दीपावली'ची पट्टी आणि खाली काकांचा हात जोडलेला फोटो चिकटवलेला असेल, तर शोध भलतीकडे जातो. ते सगळं कापून फक्त मधलं चित्र शोधायचं. 'नासाने अवकाशातून टिपलेली दिवाळी' असं केलं की लगेच सापडते. तो एका रात्रीचा फोटोच नाही. नोआ या अमेरिकन संस्थेने अनेक वर्षांच्या उपग्रह-नोंदी एकत्र करून तयार केलेलं चित्र आहे. पांढरे दिवे १९९२ च्या आधीचे, निळे १९९२ चे, हिरवे १९९८ चे, लाल २००३ चे. थोडक्यात, त्यात लक्ष्मीपूजन नाही, वीजजोडण्या आहेत.

इथवर गंमत आहे. पण 'गरम नारळपाण्याने कॅन्सर मरतो' हा मजकूर टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या नावावर फिरला आणि रुग्णालयाला खुलासा करावा लागला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, अशाच फॉरवर्डमधल्या अफवेवरून, मुलं पळवणारी टोळी समजून डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. म्हणून मंगळ सोडून द्यावा, कॅन्सर आणि मुलं सोडू नयेत, असं माझं मत.

आता तात्या. ग्रुपवर चारचौघांत कधीही खोडायचं नाही. तिथे माणूस मजकुराची नाही, स्वतःच्या वयाची बाजू लढवतो, आणि मग 'तुम्ही शिकलेले' सुरू होतं. खासगीत फोन करावा, तोही दुपारच्या झोपेनंतर, चहा झाल्यावर. आधी गुडघ्याची चौकशी. मग खरं काय ते पहिल्यांदा सांगावं. खोटं वाक्य घोळवत बसलं तर लक्षात तेवढंच राहतं. इंग्रजी लिंक पाठवू नये, ती उघडली जात नाही. खुलाशाचा स्क्रीनशॉट पाठवावा आणि वर मोठ्या अक्षरांत मराठीत एक ओळ. दोष मात्र मूळ लेखकावर ढकलावा: 'तात्या, तुमच्यासारख्यांच्या नावावर लोक काहीही खपवतात हो.'

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यांच्या हाती दुसरं काहीतरी द्यावं. सकाळी साडेपाचला पाठवायला त्यांना काहीतरी लागतंच. काही तात्या मग तोच खुलासा सगळीकडे धाडतात, वर स्वतःच्या पदरचं 'सावधान! नासाचा इशारा! १० जणांना पाठवा' जोडून. तेवढं चालवून घ्यावं.