साडेबारा लाखांवरून उठलेली पोरगी

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्यावर सलीमभाईंची चहाची टपरी आहे, टपरीला लागून एका बंद दुकानाचा ओटा आहे, आणि संध्याकाळी साडेसातनंतर त्या ओट्यावर आम्ही असतो. परवा पिंट्यानं मोबाइलवर ‘कौन बनेगा करोडपती’चा एक जुना भाग लावला आणि मध्येच थांबवला.

“भित्री हाय ही,” तो म्हणाला.

पोरगी बावीस-तेवीस वर्षांची असेल. साडेबारा लाख जिंकून बसली होती. पुढचा प्रश्न पंचवीस लाखांचा. फिफ्टी-फिफ्टी घेतली, दोन पर्याय उरले, दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली, मला माहीत नाही, मी खेळ सोडते. पिंट्या नीटचं दुसरं वर्ष करतोय. दोन पर्याय उरलेले असताना कुणी उठतं, हेच त्याला पटेना.

सर शिकवणीत गणित शिकवतात. त्यांनी फुटाण्याची पुडी ओट्यावर ठेवली, खिशातून पेन काढलं आणि पुडीच्या कागदावरच मांडायला सुरुवात केली. “भित्री नको म्हणूस, पण तिचा हिशेब चुकला. बरोबर आलं तर २५ लाख. चुकलं तर खालच्या पडावावर, म्हणजे ३ लाख २० हजारावर. दोन पर्याय म्हणजे अर्धी-अर्धी संधी. दोन्हींची बेरीज २८ लाख २०, तिचे निम्मे १४ लाख १० हजार. हातात होते साडेबारा. मग खेळायला पाहिजे होतं.”

“आन चारी पर्याय असते तर?” मामांनी विचारलं. मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत, आकडा ऐकल्याशिवाय मान हलवत नाहीत.

“तर सरासरी साडेआठ लाखांच्या आसपास. मग उठायचं. साधारण त्रेचाळीस टक्के खात्री असली तरी या टप्प्यावर खेळणं परवडतं, त्याच्या खाली नाही.”

पिंट्याचा चेहरा खुलला. आमच्या गावात पोरांना हेच पाठ झालेलं असतं. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. डोळे झाकून चारांपैकी एक गोल भरला तरी सरासरी पाव गुण पदरात पडतो, आणि एक पर्याय जरी खोडता आला तरी फायदा वाढतो. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या पोराला चार पर्याय दिसले की आधी खोडायचं सुचतं, मग आठवायचं.

बापू इतका वेळ गप्प होते. त्यांची मार्केट यार्डात अडत आहे. “आधी टॅक्स धरा,” ते म्हणाले. “अशा बक्षिसाला ३० टक्के, वर सेस, म्हंजे ३१.२ गेले. साडेबाराचे हातात ८ लाख ६० हजार येतेत.”

“तो दोन्हीकडं सारखाच कापतात बापू, त्यानं हिशेब हलत नाही.”

“हलत नाय, कबूल. पण सर, तुमची ही सरासरी मिळती कुणाला? मी वर्षाला शंभर सौदे करायलाव. दहा बुडाले तरी बाकीचे सांभाळून घेतेत. मला सरासरी लागू हाय. ज्याच्याकडं दोन एकर सोयाबीन हाय, त्याचा वर्षातून एकच सौदा. भाव वाढंल, थांब, म्हणून मीबी सांगतो त्याला. पण त्याला दिवाळीच्या आत दुकानदाराची उधारी फेडायची असती. तो त्याच दिवशी माप घालून मोकळा होतो. त्याला कुणी भित्रा म्हणलं तर मी ऐकून घेत नाय.”

ती पोरगी त्या खुर्चीवर आयुष्यात एकदाच बसणार होती, आणि बापूंनी ते सोयाबीनच्या मापानं सांगितलं. सरांनी पेनाला टोपण लावलं, पण हार मानली नाही. म्हणाले, असं असेल तर कुणीच पुढं जाणार नाही.

“जातेत की,” मामा म्हणाले. “२०११ ला बिहारच्या मोतिहारीचा सुशील कुमार गेला, पाच कोटी घेऊन आला. आन २०१९ ला आपल्या शेजारच्या, अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे. शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या, महिन्याला १५०० रुपये मानधन. एक कोटी जिंकल्या. सात कोटींच्या प्रश्नाला मात्र उठल्या. चुकल्या असत्या तर एक कोटीवरून थेट ३ लाख २० हजारावर आल्या असत्या. सांगा, त्याबी भित्र्या का?”

पिंट्याकडं उत्तर नव्हतं. त्यानं बाजू बदलली. म्हणाला, तिनं आधीच्या प्रश्नाला प्रेक्षकांचा कौल उगंच वाया घालवला, समोर बसलेल्या लोकांना काय येतंय?

इथं सर पुन्हा रंगात आले. पुडीतले दहा फुटाणे त्यांनी ओट्यावर मोजून ठेवले आणि खडूनं चार चौकोन आखले. “समज दहांतल्या दोघांनाच उत्तर येतंय. ते दोन फुटाणे ‘क’मध्ये. उरलेले आठ जण ठोकून देणार. ठोकणारे विखुरतात, दोन-दोन सगळीकडं.” त्यांनी फुटाणे वाटले. ‘अ’मध्ये दोन, ‘ब’मध्ये दोन, ‘ड’मध्ये दोन. ‘क’मध्ये चार. “बघ. आठ जणांना काहीच येत नव्हतं, तरी ‘क’चा खांब दुप्पट उंच. म्हणून सोप्या-मध्यम प्रश्नांना ही लाइफलाइन सोन्यासारखी आहे.”

“आन सगळ्यांनाच चुकीचं येत असलं तर?” सलीमभाई गाळणी झटकत म्हणाले. “लोणार कोणत्या जिल्ह्यात, सांगा बरं पटकन.”

“जालना,” बापू म्हणाले.

“बुलढाणा,” सर म्हणाले.

लोणार बुलढाण्यातच आहे, म्हणजे विदर्भात. पण आमच्याकडच्या शाळांच्या सहली जालन्यावरून जातात, त्यामुळं निम्म्या मराठवाड्याला ते आपलंच वाटतं. असा प्रश्न असला की ठोकणारे विखुरत नाहीत, सगळे एकाच चुकीच्या चौकोनात जाऊन बसतात. सरांनी ‘ड’मध्ये आठ फुटाणे ढकलले आणि मान्य केलं.

मग प्रत्येकाला प्रश्न काढायची हुक्की आली. खरा वाद तिथं पेटला. बापूंनी विचारलं, “मराठवाड्यात ज्योतिर्लिंगं किती? एक, दोन, तीन, पाच.”

सगळे एका सुरात तीन म्हणाले. वेरूळचं घृष्णेश्वर, परळीचं वैजनाथ, औंढ्याचं नागनाथ. मामांनी हात वर केला. “प्रश्न बाद.”

बापू चिडले. “बाद कशानं? लहानपणापासून तीनच ऐकायलाव.”

“मी देवघरला जाऊन आलोय, झारखंडात. तिथले लोक बैद्यनाथ आमचाच म्हणतेत. गुजरातेत द्वारकेजवळ नागेश्वर हाय, तिथंबी तसंच. आपल्यासाठी तीन, त्यांच्यासाठी एक. आता खुर्चीवर द्वारकेचा माणूस बसला तर त्याला चूक कसं म्हणणार? तोबी लहानपणापासून तेच ऐकायलाय.”

परळीला दर श्रावणात जाणाऱ्या बापूंना हे सहन होईना, आणि ते साहजिकही होतं. पण श्रद्धेचं उत्तर वेगळं आणि कोट्यवधी लोकांसमोर एका माणसाचे लाखो रुपये ठरवणारं उत्तर वेगळं. शेवटी सरांनी तोच प्रश्न फिरवला: पुढीलपैकी कोणतं ठिकाण मराठवाड्यात नाही? औंढा नागनाथ, परळी, वेरूळ, भीमाशंकर. आता द्वारकेचा, देवघरचा, लातूरचा, कुणीही बसू दे, उत्तर भीमाशंकरच. बापूंनाही तो आवडला. माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात चांगलं काम तेच झालं. चांगल्या प्रश्नात उत्तराची खूण असते आणि भांडणाला जागा नसते. टीव्हीवर प्रश्नात ‘पुढीलपैकी’, ‘अमुक सालापर्यंत’ असे शब्द येतात तेव्हा पिंट्यासारखी पोरं ते उडवून पुढं वाचतात. ते शब्द प्रश्न काढणाऱ्यानं घाम गाळून बसवलेले असतात.

हे मला फार उशिरा कळलं. मी ते ओट्यावर कधी सांगितलं नव्हतं, त्या दिवशी सांगितलं.

१९९९ च्या गणपतीत आमच्या मंडळानं शाळेच्या पोरांसाठी प्रश्नमंजूषा ठेवली होती. टीव्हीवर कौन बनेगा करोडपती आला तो ३ जुलै २०००ला, त्याच्या आधीचं हे. प्रश्न मी काढले होते, घरातल्या एका जुन्या गाइडवरून. शेवटचा प्रश्न, मराठवाड्यात जिल्हे किती. दोघं बरोबरीत होती. मुलगा म्हणाला सात. सहावी-सातवीतली एक मुलगी होती, दोन वेण्या, लाल रिबिनी. ती म्हणाली आठ. गाइडमध्ये सात होते. मी मुलाला विजयी केलं आणि कंपासपेटी त्याला दिली.

मूळचे पाच जिल्हे. १९८१ च्या १ मे रोजी जालना झाला. १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादमधून आमचा लातूर वेगळा झाला. आणि १९९९ च्या १ मे रोजी परभणीतून हिंगोली. म्हणजे गणपती बसले तेव्हा आठवा जिल्हा होऊन चार महिने झाले होते. ती मुलगी पेपर वाचत असणार, किंवा घरात कुणीतरी बोललेलं तिनं लक्षात ठेवलं असणार. ती रडली नाही, वादही घातला नाही. “आठच आहेत काका,” एवढं हळू आवाजात म्हणाली आणि खाली उतरली. दोन दिवसांनी माझी चूक मला कळली. मंडळातल्या कुणाला ती कुठल्या गल्लीतली हे सांगता येईना. मी दोन शाळांत जाऊन विचारलं. सापडली नाही.

माझ्या हातात गाइड होतं, म्हणून माझं खरं ठरलं. तेव्हापासून मी टीव्हीवर कुणी अडखळलं की “एवढंबी येईना?” म्हणत नाही. घरात सोफ्यावर बसून उत्तर फेकायला काही लागत नाही. चुकलं तर आपण चॅनल बदलतो.

बापूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सर काही बोलले नाहीत, फुटाणे गोळा करत राहिले.

“पण ह्या पोरीला उत्तर येत होतं का नव्हतं?” मामांनी विचारलं. “पिंट्या, तू मध्येच थांबवलास. पुढं लाव.”

या खेळात एक पद्धत आहे. कुणी खेळ सोडला की सूत्रधार विचारतो, आता जायचंच आहे तर सांगा, खेळला असता तर कोणतं उत्तर दिलं असतं? पिंट्यानं मोबाइल चहाच्या ग्लासाला टेकवून उभा केला. आम्ही पाचही जण वाकलो. पोरीनं थोडा वेळ दोन्ही पर्यायांकडं पाहिलं आणि पहिल्यावर बोट ठेवलं. पडदा हिरवा झाला. उत्तर बरोबर होतं.

“बघा!” पिंट्या ओरडला. “साडेबारा लाख घालवले हिनं!”

“घालवले नाय, नेले,” मामा म्हणाले. “तिला माहीत नव्हतं, ती तसं बोलली. आता बोट बरोबर पडलं म्हणून आधीचं उठणं चूक होत नाय.”

सरांनी मान डोलावली. त्यांचा पुडीवरचा हिशेब तसाच होता, त्रेचाळीस टक्के, तरी डोलावली.

पडद्यावर पोरीनं एक क्षण डोळे मिटले. मग उघडले, हसली आणि समोरच्या खुर्च्यांत बसलेल्या वडिलांकडं पाहून दोन्ही हात जोडले. वडील उभे राहून टाळ्या वाजवत होते. धोतर, टोपी, शर्टाची वरची गुंडी लावलेली. त्यांच्या चेहऱ्यावर पंचवीस लाखांची हळहळ शोधूनही सापडली नसती.

पिंट्यानं तेवढंच मागं घेतलं आणि पुन्हा लावलं.