मेणवलीचा वाडा जिऊबाईंचाही आहे

आज दुपारी वाईजवळच्या मेणवली गावात, कृष्णेच्या घाटावर लग्न ठरलेल्या एका जोडप्याचे फोटोशूट चालले होते. पायरीवर कळशी घासत बसलेल्या वयस्कर बाईंना छायाचित्रकाराने "मावशी, फ्रेममध्ये येताय, जरा बाजूला व्हा" असे फर्मावले आणि त्या निमूटपणे उठून गेल्या, तेव्हापासून माझे डोके शांत झालेले नाही. भोवती जमलेल्यांची चौकशी एकच, इथे कोणत्या सिनेमाचे शूटिंग झाले?

माझी आत्या वाईची. आम्हा भावंडांना ती मेणवलीला नेई, तेव्हा वाड्याच्या दाराशी थांबवून सांगे, "जिऊबाईंचं घर आहे हे, हळू बोला." नाना फडणवीसांचे नाव ती मागाहून घेई. आत्याचा तो क्रमच बरोबर होता, असे मी आज ठामपणे म्हणतो. नाना 1742 मध्ये साताऱ्यात जन्मले, पानिपतावरून जीव वाचवून परतले आणि बारभाईंच्या, म्हणजे पेशवाई सांभाळणाऱ्या कारभारी मंडळाच्या, दिवसांपासून 1795 च्या खर्ड्याच्या लढाईपर्यंत पेशवाईचा गाडा त्यांनी ओढला. पण तो पुण्यात बसून. मेणवलीत त्यांनी वाडा बांधला, कृष्णेवर घाट बांधला, मेणेश्वराचे देऊळ उभारले, तरी त्यांचे आयुष्य या चौकांमध्ये गेले नाही. इथे आयुष्य काढले ते त्यांच्या पत्नीने, जिऊबाईंनी.

13 मार्च 1800 रोजी नाना गेले तेव्हा जिऊबाई अगदी लहान मुलगी होत्या. दुसऱ्या बाजीरावाचा डोळा नानांच्या संपत्तीवर, त्यामुळे त्या पोरीला लोहगडाचा आसरा घ्यावा लागला. पुढे इंग्रज सेनापती वेलस्लीच्या मध्यस्थीने पनवेल, वर्षाला 12,000 रुपयांचा तनखा, आणि मग मेणवली. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, 1848 मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले, जिऊबाई मात्र या घरात होत्या. त्यांनी दत्तक घेतला, म्हणून फडणवीसांचा वंश पुढे चालला. याच वाड्यात नानांच्या दप्तराचे मोडी कागद टिकले, म्हणून इतिहासकारांना पेशवाईचा कारभार आतून पाहता आला. एवढे सगळे ज्या घराने सांभाळले, त्याला आपण नुसता पडदा करून टाकावे?

शूटिंगच्या पैशातून वाड्याची डागडुजी होत असेल, गावातल्या चार घरांना काम मिळत असेल, हे मान्य. म्हणून माणसाने ओळख विसरावी असे नाही.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला, कारण आत्या आठवली. घाटावरची ती मोठी घंटा दाखवताना ती आम्हाला उचलून धरी, धातूवर उमटलेली मेरी आणि तिच्या कडेवरचे बाळ बोटाने दाखवी आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली तिथपासूनची गोष्ट सांगे. गोष्ट संपली की पुन्हा जिऊबाईंवर येई. हा घंटानाद त्यांनी रोज ऐकला असेल, असे तिला वाटे. चौथीपलीकडे न शिकलेल्या माझ्या आत्याला जे सुचले, ते हजारो रुपये मोजून येणाऱ्यांना का सुचू नये?

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन मेणवलीला जाल, तेव्हा आधी वाडा दाखवा, फोटो नंतर काढा. आणि वाड्याच्या वाटेवर जिऊबाईंच्या नावाची, त्यांच्या लोहगडापासूनच्या प्रवासाची एक ठळक पाटी लावायची फडणवीसांच्या वंशजांची तयारी असेल, तर तिचा खर्च मी आणि माझी भावंडे आनंदाने करू.