रोज एक नवा वास दिला म्हणून पिल्लू ‘स्निफर’ होत नाही

कुत्रीला पिल्लं झाल्याचा फोटो ग्रुपवर टाकला, की हा फॉरवर्ड हमखास येतो. मजकूर थोडक्यात असा: पिल्लाचं नाक पहिल्या दिवसापासून शिकतं, म्हणून जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून सोळाव्या दिवसापर्यंत पिल्लाच्या नाकाशी रोज एक नवा वास धरा, ही अमेरिकी लष्कराची पद्धत आहे, पिल्लू पुढे येतं की तोंड फिरवतं यावरून त्याचा स्वभाव कळतो, दालचिनी, लवंग, इसेन्शियल ऑइल, घरात असेल ते चालेल, सोळा दिवस उलटले की संधी गेली. आणि मग पिल्लू म्हणे ‘स्निफर’ होतं, म्हणजे पोलिसांच्या कुत्र्यासारखं हुंगून शोधतं. सगळंच खोटं असतं तर सोडून दिलं असतं. पण यात खऱ्याला खोटं इतकं बेमालूम चिकटवलंय की एकेक मुद्दा सोडवून बघावा लागतो.

‘ही अमेरिकी लष्कराची पद्धत आहे.’ नाही. इथे दोन गोष्टींची खिचडी झाली आहे. लष्कराच्या श्वान कार्यक्रमाचा दाखला देऊन कार्मेन बटाग्लिया या अमेरिकी ब्रीडरने, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने, जे व्यायाम प्रसिद्ध केले ते पाच: बोटांच्या बेचक्यात कापसाच्या काडीने गुदगुल्या, डोकं वर करून धरणं, डोकं खाली करून धरणं, उताणं धरणं आणि गार ओलसर टॉवेलवर ठेवणं. प्रत्येक तीन ते पाच सेकंद, दिवसातून एकदा. यात वास कुठेच नाही. वासाची पद्धत गेल वॉटकिन्स या अमेरिकी ब्रीडरने पुढे आणली. दिवस तेच, तिसरा ते सोळावा, म्हणून फॉरवर्ड करणाऱ्यांनी दोन्ही एकत्र शिवून टाकलं. बरं, त्या पाच व्यायामांचंही काय? सुरुंग शोधणाऱ्या कुत्र्यांवर त्यांची नीट तुलना करून पाहिली गेली आणि २०११ साली निष्कर्ष आला: व्यायाम दिलेली पिल्लं आणि नुसती हाताळलेली पिल्लं यांच्या पुढच्या प्रशिक्षणात फरक दिसला नाही.

‘पिल्लाचं नाक पहिल्या दिवसापासून शिकतं.’ हे मात्र खरं आहे, आणि फॉरवर्डमध्ये सांगितलंय त्यापेक्षा जास्त खरं आहे. जन्मतः डोळे मिटलेले, कानही बंद. डोळे उघडायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर पिल्लाकडे असतं ते नाक, तोंड आणि अंगाला कळणारी ऊब. आईपासून जरा लांब ठेवलेलं पिल्लू पाहा: डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत, पोटावर सरपटत ते बरोबर आचळापाशी येतं आणि ढुशा मारायला लागतं. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतल्या डेबोरा वेल्स आणि पीटर हेपर यांनी गाभण कुत्र्यांना अॅनिसीड, म्हणजे बडीशेपेसारख्या वासाचा एक मसाला, घातलेलं अन्न दिलं. जन्मून एक दिवसही न झालेली त्यांची पिल्लं त्या वासाकडे वळली. व्हॅनिलाकडे वळली नाहीत. दहा आठवड्यांनी पाहिलं, तर पोटात असताना आणि नंतर दूध पिताना, अशा दोन्ही वेळी ज्यांना हा वास मिळाला होता, त्याच पिल्लांनी त्या वासाचं अन्न पसंत केलं. एकाच वेळी मिळालेल्यांनी नाही.

म्हणजे शिकवणारी आहे कुत्री: तिचं खाणं, तिचं दूध, तिचं अंग. फॉरवर्डने नेमकं तिलाच वगळून हातात दालचिनीची काडी दिली.

‘प्रतिक्रियेवरून स्वभाव कळतो.’ पोट भरलेलं पिल्लू झोपेत असतं, त्याला गुलाब दिला काय नि पेट्रोल दिलं काय, ते तोंड फिरवणारच. उपाशी असेल तर काहीही शोधत पुढे येईल. तुमचा हात गार असेल तर वळवळेल. त्या वळवळीला ‘निगेटिव्ह’ म्हणून वहीत टिपणारे लोक आहेत! व्हिएन्नात बॉर्डर कोली जातीच्या पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, मग सहा-सात आठवड्यांची असताना आणि मोठी झाल्यावर तपासलं गेलं. २०१४ साली छापलेला निकाल असा, की नवजात वयातल्या वागण्यावरून पुढचा स्वभाव सांगता आला नाही.

‘कुठलाही वास चालेल.’ हा सगळ्यात धोकादायक भाग. टी ट्री, विंटरग्रीन नि दालचिनी यांची तेलं, कापूर आणि डांबराच्या गोळ्या कुत्र्याच्या शरीराला विषारी आहेत, आणि पिल्लाचं यकृत अजून कच्चं. उदबत्ती-धूपाचा धूरही नको. शिवाय नवजात पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही; पहिल्या आठवड्यात आजूबाजूला तीस अंशांच्या आसपास उष्णता लागते. फॅनखाली पिल्लांची रांग लावून रील काढणाऱ्यांनी एवढं तरी बघावं. हौसच असेल तर मूठभर माती, गवताची काडी किंवा आईची चादर चार-पाच सेकंद नाकापासून जरा लांब धरा आणि पिल्लू परत कुशीत ठेवा. नुकसान काही नाही.

‘मोठेपणी स्निफर होईल.’ यासाठी नुसता वास पुरत नाही. अमेरिकेतले संशोधक नॅथॅनिएल हॉल आणि सहकाऱ्यांनी मोठ्या कुत्र्यांवर हेच तपासलं: एका गटाला वास नुसता मिळत राहिला, दुसऱ्याला वासामागोमाग खाऊ. नंतर तोच वास ओळखायचं काम दिलं तेव्हा खाऊवाली कुत्री लवकर शिकली. नुसता वास घेतलेल्यांना फायदा झाला नाही. श्वानपथकात कुत्रं घडतं तेही असंच: वास सापडला की चेंडू, पुन्हा वास, पुन्हा चेंडू, महिनोन्‌महिने. १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांनंतर स्फोटकं हुडकणारा ‘जंजीर’ लॅब्रेडोर तयार झाला तो पुण्याच्या प्रशिक्षण केंद्रात, दालचिनी हुंगून नव्हे.

‘सोळा दिवसांनंतर संधी गेली.’ उलट. स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरला वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून जो काळ महत्त्वाचा ठरवला, तो तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्यापर्यंतचा आहे. तेव्हा डोळे-कान उघडलेले असतात, पिल्लू भावंडांशी मस्ती करत चावायचं किती ते शिकतं; माणसं, कुकरची शिट्टी, रिक्षा, फरशी, पायऱ्या, सगळं याच दिवसांत अंगवळणी पडतं.

आणि नेमक्या याच काळात आपल्याकडे पस्तीस-चाळीस दिवसांचं पिल्लू आईपासून तोडून विकलं जातं. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, पण ते विचारतो कोण? ‘सेंट ट्रेनिंग (वासाचं शिक्षण) केलेलं आहे’ म्हणून कुणी वरचे पैसे मागितले, तर पिल्लू आज किती दिवसांचं आहे ते विचारा, आणि आई दाखवायला सांगा.