कार्बोरेटर उघडण्याआधी: एका फिरत्या संदेशाला उत्तर

स्प्लेंडर, आरएक्स 100 यांसारख्या जुन्या मोटारसायकलींविषयी एक संदेश सध्या फिरतो आहे. गाडी सुरू होत नसेल किंवा चालता चालता बंद पडत असेल, तर दोष कार्बोरेटरचाच (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाचाच) समजावा, त्याचा हवेचा स्क्रू दोन फेरे उघडावा आणि चोक (थंड गाडी सुरू करताना मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणारा खटका) इंजिन खराब करतो म्हणून तो कधीच ओढू नये, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. यातले एकही विधान टिकत नाही.

दोष कार्बोरेटरवर ढकलण्याआधी स्पार्क प्लगची ठिणगी पाहिलीच पाहिजे. प्लग काढून पुन्हा त्याच्या वायरच्या कॅपमध्ये बसवावा, आसपास पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करावी, प्लगच्या भोकापासून दूर त्याचे आटे इंजिनला टेकवावेत आणि किक मारावी. ठिणगी ठळक व निळसर नसेल, तर कार्बोरेटर कितीही धुतला तरी उपयोग नाही. ठिणगी चांगली असून बऱ्याच किकांनंतरही प्लग कोरडाच निघाला, तर पेट्रोल पोहोचत नाही; ओलाचिंब निघाला, तर ते जास्त होते आहे. थोडे अंतर चालून बंद पडलेली गाडी टाकीचे झाकण उघडताच सुरू होत असेल, तर झाकणातले हवेचे भोक बुजलेले असते, त्यामुळे टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. एवढ्याशा भोकापायी लोक नवा कार्बोरेटर विकत घेतात, याचे फार वाईट वाटते.

स्क्रूचा सल्ला तर घातक आहे. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर उघडल्याने हवा वाढते; इंजिनच्या बाजूला असेल, तर बहुधा पेट्रोल वाढते. म्हणजे तेच दोन फेरे दोन गाड्यांवर नेमके उलटे परिणाम करतात. शिवाय त्याचा प्रभाव आयडलिंग (रेस न देता इंजिन चालू राहणे) आणि थोड्याशा रेसपुरताच असतो. पूर्ण रेसवरचे काम मेन जेटचे, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या कार्बोरेटरमधल्या मुख्य छिद्राचे.

चोकविषयीची भीतीही अनाठायी आहे. थंड इंजिनात पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीला मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागते. नुकसान होते ते इंजिन तापल्यावरही चोक ओढलेला ठेवल्याने, कारण मग प्लगवर काजळी धरते.

कार्बोरेटरवर संशय घ्यावा अशी खूणही चोकच दाखवतो. तापलेली गाडी चोक ओढून चालते आणि सोडताच बंद पडते, तेव्हा स्लो जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारा बारीक जेट) तुंबलेला असतो किंवा कार्बोरेटर व इंजिन यांच्यामधल्या जोडातून हवा शिरत असते. आधी तो जोड तपासावा, मग जेट काढावा.