सामगान, राग आणि नादयोग: तलावपाळीच्या कट्ट्यावरचा वाद

ठाण्याच्या तलावपाळीवरच्या आमच्या कट्ट्यावर या वेळी वाद पेटला तो एका ध्वनिध्यान शिबिराच्या जाहिरातीवरून. काशाच्या वाट्या, १३६.१ हर्ट्झचा ‘वैदिक ॐकार’ आणि ‘हजारो वर्षांची अखंड परंपरा’ असा सगळा ऐवज तिच्यात एकत्र होता. त्या आकड्याची वासलात मन्याने लगेच लावली. पृथ्वीच्या सूर्यप्रदक्षिणेचा काळ सेकंदांत मोजून त्याची वारंवारता काढायची आणि ती बत्तीस वेळा दुप्पट करायची, की १३६.१ मिळतात, हा हिशेब हान्स कूस्टो या स्विस गृहस्थांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मांडला. वेदपठण करणारे वैदिक मात्र आपल्या गळ्याला झेपेल तो स्वर धरून म्हणतात. इथवर कोणाचेच दुमत नव्हते.

दुमत झाले ते अप्पांच्या पुढच्या वाक्याने. अप्पा संस्कृतचे निवृत्त शिक्षक. जाहिरात खोटी असली तरी आपले संगीत सामवेदातूनच आले आहे, असे त्यांनी ठणकावून सांगितले आणि भरताची साक्ष काढली: ब्रह्मदेवाने ऋग्वेदातून पाठ्य, सामांतून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेऊन नाट्यवेद रचला, असे नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात आहे.

“अप्पा, ही नाट्याला प्रतिष्ठा मिळावी म्हणून जोडलेली वंशावळ आहे,” पेटीची साथ करण्यात आयुष्य घालवलेले नाना म्हणाले. “याच न्यायाने अभिनय यजुर्वेदातून आला असे मानावे लागेल, आणि तसे तुम्ही वर्गात कधी शिकवल्याचे मी ऐकलेले नाही.”

यावर अप्पांनी सामगान म्हणजे नेमके काय ते सविस्तर सांगितले, आणि त्यांचे हे विवेचन मुळातूनच ऐकण्याजोगे होते. सामवेदाच्या कौथुम या पाठशाखेच्या संहितेत सुमारे १८७५ मंत्र आहेत आणि त्यांतले पाऊणशेच्या आसपास सोडले तर बाकीचे सगळे ऋग्वेदातलेच आहेत. म्हणजे सामवेदाचे स्वतःचे असे जे आहे ते शब्दांत नसून गाण्यात आहे. साम पाच भागांत आणि तीन ऋत्विजांनी गायचे असते: प्रस्तोता प्रस्ताव म्हणतो, उद्गाता उद्गीथ गातो, प्रतिहर्ता प्रतिहार घेतो, मग उपद्रव होतो आणि निधन तिघे मिळून म्हणतात. ‘अग्न आ याहि वीतये’ ही ऋचा गायली जाऊ लागली, की ‘ओग्नाइ आयाहि वोइतोयाइ’ अशी ताणली जाते आणि अधूनमधून हाउ, औहोवा असे अर्थ नसलेले स्तोभ तिच्यात येतात.

धृपद शिकणाऱ्या विद्याताईंनी हा धागा लगेच उचलला. आलापातले ‘री, ना, नोम, तोम’ हे वर्ण ईश्वराच्या नामोच्चारातून आले आहेत, असे धृपदाच्या डागर घराण्यात सांगतात. पनवेलजवळच्या पळस्प्याला रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागरांनी गुरुकुल उभारले तेही नादाची साधना म्हणूनच. तेव्हा स्तोभापासून नोमतोमपर्यंत एकच ओघ का मानू नये, असा त्यांचा प्रश्न होता.

“ताई, साम्य आहे म्हणून नाते आहे असे होत नाही,” नाना म्हणाले. सामातले अक्षर आणि स्वर जागच्या जागी ठरलेले असतात, गाणाऱ्याने तिथे आपले काही घालायचे नसते. उलट पुढची जागा गवय्याने त्याच क्षणी शोधायची, यातच आलापाची सगळी किंमत आहे. हा मुद्दा मला बिनतोड वाटला, पण अप्पांकडे उत्तर होते. ग्रामगेय आणि आरण्यक गान या मूळ चालींच्या संग्रहांतल्या चाली यज्ञाच्या गरजेप्रमाणे दुसऱ्या ऋचांवर बसवाव्या लागत आणि त्यासाठी ऊह आणि ऊह्य अशी दोन स्वतंत्र गाने तयार झाली. शब्दांपासून चाल वेगळी काढता येते, ही जाण संगीताचीच नव्हे काय? नाना यावर थोडे थांबले. अप्पांचा त्या दिवसाचा सर्वांत वजनदार मुद्दा हाच होता, असे माझे मत आहे.

नारदीय शिक्षा या वेदोच्चार आणि स्वरांवरच्या जुन्या ग्रंथाचा आधार मात्र त्यांच्यावरच उलटला. सामगायकांचा प्रथम स्वर म्हणजे वेणूचा मध्यम, द्वितीय म्हणजे गांधार, तृतीय म्हणजे ऋषभ आणि चतुर्थ म्हणजे षड्ज, असे ती शिक्षा सांगते. म्हणजे सामाचे स्वर वरून खाली उतरतात. पण षड्जानंतर ती धैवत, निषाद, पंचम असा वाकडा क्रम देते आणि तो सरळ कसा लावायचा यावर अभ्यासकांनी बरीच डोकेफोड केली आहे. नानांचे म्हणणे असे, की सामाचे स्वर बासरीच्या स्वरांनी समजावून द्यावे लागतात, याचाच अर्थ बासरीचे गाणे तेव्हा वेगळे, स्वतंत्र आणि लोकांच्या जास्त परिचयाचे होते. मीही यात भर घातली, की खुद्द वैदिक ग्रंथांतच दुसऱ्या संगीताचे पुरावे आहेत. शतपथ ब्राह्मणातल्या अश्वमेधात एक ब्राह्मण आणि एक राजन्य, म्हणजे क्षत्रिय, असे दोन वीणावादक राजाच्या दानाच्या आणि पराक्रमाच्या गाथा गातात, आणि त्या गाथा म्हणजे साम नव्हे. (मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात तर सामाचा ध्वनीच अशुची म्हटला आहे. हे मी काढताच अप्पांनी विषय बदलला.)

मग गाडी नादयोगावर, म्हणजे नादावर ध्यान लावण्याच्या साधनेवर आली. छांदोग्य उपनिषदाचा आरंभच ‘ॐ या अक्षराची उद्गीथ म्हणून उपासना करावी’ असा आहे, तेव्हा नादध्यान वैदिकच ठरते, हे अप्पांचे म्हणणे निम्मे खरे आहे. ॐकाराची उपासना वैदिक आहेच. पण कान मिटून आत उमटणारे नाद ऐकत जाण्याची रीत, म्हणजे आधी समुद्र, मेघ आणि भेरी, मग मर्दल, शंख आणि घंटा, शेवटी बासरी, वीणा आणि भुंगा, अशी पायरीपायरीने सांगितलेली साधना हठप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात आहे, आणि तो ग्रंथ साधारण पंधराव्या शतकातला, नाथांच्या परंपरेतला आहे.

संगीत आणि नादयोग यांची शास्त्रोक्त गाठ शार्ङ्गदेवाने घातली आणि ती आपल्या देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी राहून, तेराव्या शतकात. संगीतरत्नाकर हा त्याचा ग्रंथ रागांकडे वळण्याआधी देहाची उत्पत्ती, चक्रे आणि नाद सांगतो. त्यातलेच वचन नानांनी पुढे केले: अनाहत, म्हणजे आघाताशिवाय उमटणाऱ्या नादाची उपासना मुनी करतात, पण त्यात रंजकता नसल्यामुळे तो माणसांचे मन रिझवत नाही. “संगीताचा एवढा मोठा शास्त्रकारच ध्यानाचा नाद आणि गाण्याचा नाद वेगळे करतो आहे,” ते म्हणाले.

“नाना, पुढचेही वाचा,” विद्याताई म्हणाल्या. श्रुती आणि स्वरांच्या वाटेने येणाऱ्या आहत, म्हणजे आघाताने उमटणाऱ्या नादाचे गान लोकरंजन करणारे आहे आणि भवभंजकही आहे, असे तिथेच म्हटले आहे; तेव्हा मोक्षासाठी गाणे सोडावे लागत नाही. नानांनी हे मान्य केले, पण हे वचन देवगिरीच्या शार्ङ्गदेवाचे आहे, उद्गात्याचे नव्हे, एवढी नोंद करून. अप्पा मात्र ऊहगानाचा मुद्दा सोडायला तयार नाहीत, आणि त्याचे उत्तर नानांकडून अजून आलेले नाही.